दुरुस्त केलेली चूक परत येतेय? आधी एडिटरचं ऑटो-सेव्ह आणि ऑटो-रिव्हर्ट तपासा

लक्षणं

- सहकाऱ्याने काल दुरुस्त केलेली चूक आज परत आली आहे. गिटच्या (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या) इतिहासात ज्याचं नाव दिसतं तो सांगतो की त्या ओळी मी बदललेल्याच नाहीत.
- गिट स्टेटसमध्ये अशी फाईल बदललेली दिसते जिच्यात तुम्ही काहीच केलेलं नाही.
- पुल केलं (सर्व्हरवरचे नवे बदल आणले), टर्मिनलवर सगळं नीट झालं, पण एडिटरमध्ये जुनाच मजकूर दिसतोय.
- ब्रँच (कोडची वेगळी शाखा) बदलली तर अर्धवट टाइप केलेली ओळही सोबत आली.
- रीबेस (आपले बदल दुसऱ्या ब्रँचच्या टोकावर पुन्हा बसवणं) सुरूच होत नाही. गिटमध्ये नोंद न झालेले बदल आहेत असं सांगून अडतो, आणि तुमच्या मते बदल नाहीतच.
- सेव्ह करताना 'डिस्कवरची फाईल जास्त नवीन आहे' अशा अर्थाची सूचना येते. ती इतक्या वेळा आली आहे की आता न वाचताच ओव्हरराइट दाबलं जातं.

मी नागपुरात आयटी पार्कच्या बाजूला एका लहान ऑफिसात काम करते. कळमना आणि इतवारीतल्या अडत्यांसाठी आम्ही बिलाचं सॉफ्टवेअर बनवतो. हा बिघाड मला पहिल्यांदा भेटला तो हमालीच्या हिशोबात. टीममधल्या एका मुलीने हमाली आणि तोलाईचं राउंडिंग दुरुस्त केलं आणि शुक्रवारी ते मुख्य ब्रँचमध्ये गेलं. मंगळवारच्या अपडेटनंतर कळमन्याहून फोन आला की हिशोबपट्टीत पुन्हा पैशांचा फरक येतोय. इतिहास उघडला तर राउंडिंग जुन्यासारखं करणाऱ्या कमिटवर (गिटमधल्या बदलाच्या नोंदीवर) एका नव्या मुलाचं नाव. तो एवढंच म्हणत राहिला, "ताई, मी ती फाईल फक्त बघायला उघडली होती, त्यात काही नाही केलं." तो खरं बोलत होता हे सिद्ध व्हायला दोन दिवस लागले, आणि ते दोन दिवस एका प्रामाणिक मुलाने संशयाखाली काढले. ते मला अजून सलतं. म्हणून त्यानंतर अशी तक्रार आली की कोणाला विचारण्याआधी मी त्या मशीनवरचा एडिटर तपासते. तोच क्रम खाली देते. फुकटातल्या आणि सोप्या गोष्टी आधी, अवघड गोष्टी शेवटी.

आधी बिघाड समजून घ्या

आमचे ग्राहक हे लगेच समजतात, कारण त्यांच्या गादीवर कच्ची वही आणि पक्की वही असते. एडिटरच्या मेमरीत उघडलेला मजकूर ही कच्ची वही. डिस्कवरची फाईल ही पक्की वही. गिट फक्त पक्की वही वाचतं आणि तिच्यातच लिहितं. कच्च्या वहीत तुम्ही काय खरडलं आहे याचा त्याला पत्ताच नसतो. तुम्ही पुल करता, ब्रँच बदलता किंवा स्टॅश करता (अर्धवट बदल बाजूला ठेवता) तेव्हा गिट डिस्कवरची फाईल बदलून टाकतं, आणि एडिटरमध्ये आधीचाच मजकूर उघडा राहतो. आता एडिटरने डिस्कवरचं नवं वाचून घेतलं तर ते झालं ऑटो-रिव्हर्ट. त्याऐवजी मेमरीतलं जुनं डिस्कवर लिहिलं, तर सहकाऱ्याचं काम पुसलं गेलं.

तेव्हा माझा नियम एकच आहे: सेव्ह गिटच्या आधी व्हायला हवं, रिव्हर्ट गिटच्या नंतर. हा क्रम उलटला की वरची सगळी लक्षणं दिसू लागतात. कोणत्याही एडिटरचं कोणतंही सेटिंग निवडताना मी एवढंच बघते की त्याने हा क्रम पाळला जातो का.

एक गोंधळ इथेच दूर करते. 'गिट रिव्हर्ट' ही आज्ञा म्हणजे जुनी कमिट रद्द करणारी नवी कमिट. एडिटरचं रिव्हर्ट म्हणजे डिस्कवरची फाईल पुन्हा वाचून घेणं. नाव एक असलं तरी कामं वेगळी आहेत. फोनवर कोणी "रिव्हर्ट कर" म्हणालं तर कोणतं ते विचारून घ्या.

पहिली गोष्ट: हात थांबवा

सेव्ह करू नका, एडिटर बंद करू नका, पुन्हा पुल करू नका. हरवलेल्या मजकुराची शेवटची प्रत कदाचित त्या उघड्या खिडकीतच असेल, आणि बऱ्याच एडिटरांत अन्डूचा इतिहास फाईल बंद होताच जातो. मग पूर्ण प्रोजेक्ट फोल्डरची, आतल्या लपलेल्या गिटच्या फोल्डरसकट, दुसरीकडे एक कॉपी काढा. दोन मिनिटांचं काम आहे. यानंतर जे काही चुकेल ते या कॉपीमुळे भरून काढता येईल. घाईत हीच पायरी सुटते आणि मग साधा बिघाड मोठा होतो.

टॅबवरची खूण

व्हीएस कोडमध्ये सेव्ह न केलेल्या फाईलच्या टॅबवर गोल ठिपका असतो. ईमॅक्समध्ये खालच्या मोड लाइनवर दोन चांदण्या दिसतात, विममध्ये स्टेटसच्या ओळीत अधिकचं चिन्ह येतं. टर्मिनलमधून गिटची कोणतीही आज्ञा देण्याआधी या खुणांवर एक नजर टाका. न ओळखीच्या फाईलवर खूण दिसली तर आधी बघा की त्यात काय बदललंय. बहुतेक वेळा चुकून पडलेली एखादी स्पेस किंवा रिकामी ओळ निघते.

सोबत हेही बघा की तेच फोल्डर दोन ठिकाणी उघडं आहे का. एका खिडकीत व्हीएस कोड, दुसरीकडे इंटेलिजे, टर्मिनलमध्ये विम, असं मी पुष्कळ मशीनवर बघितलं आहे. म्हणजे एका पक्क्या वहीवर तीन कच्च्या वह्या. बाकीच्या बंद करा.

ईमॅक्सवाल्यांनी मोड लाइनवरच्या ब्रँचच्या नावावर पूर्ण विसंबू नये. बाहेरून ब्रँच बदलली तर ते नाव आपोआप ताजं होईलच असं नाही. त्यासाठी 'ऑटो-रिव्हर्ट-चेक-व्हीसी-इन्फो' हा वेगळा पर्याय चालू करावा लागतो, आणि मुळात तो बंद असतो.

फरक कोणत्या दिशेचा आहे ते वाचा

ही माझी सगळ्यात आवडती तपासणी आहे. एक पैसा लागत नाही, आणि माणसावरचा संशय हिनेच दूर होतो.

गिट डिफ (दोन प्रतींतला फरक दाखवणारी आज्ञा) चालवा आणि वजाच्या, म्हणजे काढलेल्या, ओळी नीट वाचा. त्या ओळी म्हणजे सहकाऱ्याने नुकतीच केलेली दुरुस्ती असेल आणि अधिकच्या ओळी म्हणजे तिच्या आधीचा मजकूर असेल, तर कोणी नवं काही लिहिलेलं नाही, जुनी प्रत परत बसली आहे. खात्री करायची तर दुरुस्तीच्या आधीची कमिट शोधा आणि आत्ताच्या फाईलची तुलना थेट त्या कमिटशी करा. फरक शून्य आला, किंवा जवळपास शून्य आला, तर पुरावा मिळाला. माणूस हाताने चूक परत आणतो तेव्हा जुना मजकूर अक्षरन् अक्षर जुळत नाही. जुना बफर (एडिटरच्या मेमरीत उघडलेला मजकूर) सेव्ह झाला तर जुळतो.

त्या मुलाच्या बाबतीत तुलनेत एका स्पेसचा फरक निघाला. बाकी सगळं गुरुवारच्या फाईलशी तंतोतंत जुळत होतं. गुरुवारी त्याने फाईल बघायला उघडली, कुठेतरी एक स्पेस पडली, आणि त्याने एडिटर बंद केला. व्हीएस कोडमध्ये हॉट एक्झिट मुळातच चालू असतं. सेव्ह न केलेले बदल तो विचारत बसत नाही, जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी तसेच उघडून देतो. सोमवारी मुलाने टर्मिनलमधून पुल केलं. डिस्कवरची फाईल स्वच्छ होती म्हणून गिटने हरकत घेतली नाही. इकडे टॅबमध्ये गुरुवारचा मजकूर परत आला. त्याने सगळ्या फाईली एकदम सेव्ह केल्या, सूचना आली, त्याने ओव्हरराइट दाबलं आणि सगळे बदल एकाच कमिटमध्ये टाकले. त्या पाच मिनिटांत त्याने हमालीचा ह सुद्धा टाइप केला नव्हता.

ऑटो-सेव्ह कोणत्या जातीचं आहे?

लोक 'ऑटो-सेव्ह' म्हणतात तेव्हा दोन अगदी वेगळ्या गोष्टी म्हणत असतात.

एक जात मजकुराची प्रत बाजूला ठेवते आणि मूळ फाईलला हात लावत नाही. ईमॅक्सचं जुनं ऑटो-सेव्ह हे करतं. साधारण ३०० कळा दाबल्या की, किंवा ३० सेकंद हात थांबला की, फाईलच्या नावाच्या दोन्ही बाजूंना हॅशचं चिन्ह लावून ते वेगळी फाईल लिहितं. विमची स्वॅप फाईल हेच करते, २०० अक्षरांनंतर किंवा ४ सेकंद शांतता असली की. व्हीएस कोडचं हॉट एक्झिट याच जातीचं. ही जात चालूच ठेवा. गिटशी तिचं भांडण नाही. फक्त त्या फाईली चुकून कमिट होऊ नयेत म्हणून त्यांचे नमुने गिट-इग्नोरमध्ये (गिटने सोडून द्यायच्या फाईलींच्या यादीत) घाला.

दुसरी जात थेट मूळ फाईलवर लिहिते. ईमॅक्समध्ये 'ऑटो-सेव्ह-व्हिजिटेड-मोड', २६.१ या आवृत्तीपासून आलेला, हात थांबून ५ सेकंद झाले की लिहितो. व्हीएस कोडमध्ये 'ऑटो सेव्ह' मुळात बंद असतं, आणि 'आफ्टर डिले' निवडलं तर १००० मिलिसेकंदांनी, म्हणजे एका सेकंदाने लिहितं. जेटब्रेन्सच्या एडिटरांत (इंटेलिजे त्यांचाच) तर हेच मुळातलं वागणं आहे. खिडकी बदलली, प्रोग्राम चालवला, की सेव्ह.

आमच्याकडे बऱ्याच जणांनी 'आफ्टर डिले' चालू केलं ते लाईटमुळे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, घरोघरी आणि ऑफिसात कूलर, एसी एकदम चालू असतात, आणि दुपारी लाईट जाते. घरून काम करणाऱ्यांचं काम दोनदा गेलं की तिसऱ्यांदा तो ऑटो-सेव्ह चालू करणारच, आणि त्याचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. पण लाईटसाठी पहिली जात पुरेशी आहे. बाजूला ठेवलेली प्रत लाईट आल्यावर परत मिळते. त्यासाठी मूळ फाईलवर दर सेकंदाला लिहायची गरज नाही.

आणि घड्याळावर चालणाऱ्या सेव्हचा तोटा मोठा आहे. चुकून पडलेली स्पेस क्षणात डिस्कवर जाते. टॅबवर खूण टिकतच नाही, म्हणून तुमच्या नजरेला काही पडत नाही. अर्धी टाइप केलेली ओळ डिस्कवर असते आणि तुम्ही ब्रँच बदलता. ती फाईल दोन्ही ब्रँचमध्ये सारखी असेल तर गिट तो बदल सोबत घेऊन जातं. फाईलवर लक्ष ठेवणारा डेव्हलपमेंट सर्व्हर दर सेकंदाला पुन्हा बिल्ड करतो. शिवाय व्हीएस कोडमध्ये 'आफ्टर डिले' असेल तर सेव्ह करताना फॉरमॅट करण्याची सोय चालत नाही. मग काहींच्या फाईली फॉरमॅट होतात, काहींच्या नाहीत, आणि डिफमध्ये नको तो कचरा भरतो.

म्हणून टीमसाठी मी 'ऑन फोकस चेंज' निवडते. हात एडिटरमधून निघून खालच्या टर्मिनलमध्ये गेला की फाईल सेव्ह होते. म्हणजे गिटची आज्ञा टाइप करायच्या आधीच पक्की वही पूर्ण झालेली असते. 'ऑन विंडो चेंज' याहून थोडं कमी पडतं, कारण एडिटरच्याच आतलं टर्मिनल वापरलं तर खिडकी बदललेली नसते. ज्यांना प्रत्येक सेव्ह स्वतःच्या हाताने करायची सवय पक्की आहे त्यांनी पूर्ण बंद ठेवावं. मी स्वतः बंदच ठेवते.

सेटिंग दोन जागी असू शकतं हे लक्षात ठेवा: तुमच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये आणि प्रोजेक्टच्या फोल्डरमधल्या सेटिंगच्या फाईलमध्ये. प्रोजेक्टचं जिंकतं. तुम्ही बंद केलेलं ऑटो-सेव्ह परत चालू होत असेल तर तिथे बघा. तिथेच 'सेव्ह कॉन्फ्लिक्ट रिझोल्यूशन' हेही शोधा. ते 'आस्क युजर' असायला हवं. कोणी कंटाळून डिस्कवरची फाईल सरळ ओव्हरराइट करण्याचा पर्याय निवडला असेल तर सूचना येणंच बंद होतं, आणि सहकाऱ्याचं काम आवाज न करता जातं. हे मी एका मशीनवर प्रत्यक्ष बघितलं आहे. ते दिसलं की त्याच क्षणी बदला.

ऑटो-रिव्हर्ट चालू आहे का?

ऑटो-रिव्हर्टची लोकांना भीती वाटते, आपलं टाइप केलेलं पुसेल अशी. ही भीती बहुतेक निराधार आहे. ज्या बफरमध्ये सेव्ह न केलेले बदल आहेत त्याला हे एडिटर आपणहून रिव्हर्ट करत नाहीत, फक्त स्वच्छ बफर ताजे करतात. म्हणून हे चालू ठेवा असंच मी प्रत्येकाला सांगते.

व्हीएस कोड स्वच्छ फाईल स्वतःहून ताजी करतो, त्यासाठी काही करायचं नाही. जेटब्रेन्समध्ये खिडकीवर परत येताच बाहेरचे बदल वाचून घेण्याचा पर्याय असतो. तो चालू आहे ना एवढं बघा.

ईमॅक्समध्ये 'ग्लोबल-ऑटो-रिव्हर्ट-मोड' मुळात बंद असतो, तो चालू करा. तुम्ही मॅजिट (ईमॅक्समधून गिट चालवायचं साधन) वापरत असाल तर त्याचा स्वतःचा 'मॅजिट-ऑटो-रिव्हर्ट-मोड' असतो आणि तो मुळातच चालू असतो. पण तो गिटमध्ये नोंद असलेल्या फाईलींपुरताच काम करतो. माझ्या मते हीच मर्यादा बरोबर आहे, कारण त्या फाईलींचा इतिहास गिटकडे असतो आणि चुकीचं रिव्हर्ट झालं तरी परत आणता येतं. लॉगसारख्या सतत बदलणाऱ्या फाईली सगळीकडे आपोआप ताज्या व्हाव्यात असं वाटत नसेल तर फक्त मॅजिटचा ठेवा.

विममध्ये मात्र फसगत होते. 'ऑटोरीड' विममध्ये मुळात बंद असतं, निओविममध्ये (विमवरूनच निघालेल्या एडिटरमध्ये) चालू. पण चालू केल्यावरही विम डिस्ककडे सतत बघत नाही. खिडकीवर फोकस आला, एखादी शेल आज्ञा चालली, किंवा 'चेकटाइम' दिलं, अशा ठराविक वेळीच तो बघतो. टीमक्सच्या (एका टर्मिनलमध्ये अनेक टर्मिनल चालवणाऱ्या साधनाच्या) आत विम चालवत असाल तर टीमक्समधले फोकस इव्हेंट चालू करा, नाहीतर फोकस परत आल्याचं विमला कळतच नाही. ऑटोरीड लावूनही जुनं दिसतंय ही तक्रार मला जितक्या वेळा आली, तितक्या वेळा कारण यातलंच एक निघालं.

रिव्हर्ट झालं आणि तेव्हा लक्षात आलं की आधीचं हवं होतं, तर घाबरू नका. ईमॅक्स, विम आणि व्हीएस कोड या तिघांतही फाईल ताजी झाल्यावर अन्डू करून मागे जाता येतं. विमला फार मोठ्या फाईलींसाठी त्यावर मर्यादा आहे, मुळात १०००० ओळींची.

गिटच्या कामाआधी साधन विचारतं का?

मॅजिट कोणतंही काम करण्याआधी त्या रिपॉझिटरीतल्या (गिट सांभाळतं त्या प्रोजेक्ट फोल्डरमधल्या) सेव्ह न झालेल्या बफरांबद्दल एकेक विचारतो. 'मॅजिट-सेव्ह-रिपॉझिटरी-बफर्स' याचं मूळ मूल्य हेच आहे. काही जण प्रश्नांना कंटाळून 'डोन्टआस्क' लावतात, म्हणजे न विचारता सगळं सेव्ह. जो प्रत्येक कमिटआधी डिफ पूर्ण वाचतो त्याला ते चालेल. नव्या माणसाला अजिबात देऊ नका, कारण त्या प्रश्नातच त्याला पहिल्यांदा कळतं की आपण न छेडलेली फाईल बदललेली आहे.

व्हीएस कोडमध्ये कमिट आणि स्टॅशच्या आधी सेव्ह करायचं का हे विचारण्याची सेटिंगं आहेत आणि ती मुळात चालू असतात. कोणी बंद केली असतील तर परत चालू करा. पण टर्मिनलमधून चालवलेल्या गिटला या कशाचीच खबर नसते. सगळ्यात जास्त केसेस तिथूनच येतात: फाईल एडिटरमध्ये, गिट टर्मिनलमध्ये, आणि मध्ये विचारणारं कोणी नाही.

फोल्डर कुठे ठेवलंय?

इथून पुढे काम थोडं वाढतं. एडिटरला डिस्कवरचा बदल कळतो तो ऑपरेटिंग सिस्टीम कळवते म्हणून. काही ठिकाणी हे कळवणं पोहोचतच नाही. ऑफिसच्या नेटवर्क ड्राइव्हवरची फाईल दुसऱ्या मशीनने बदलली तर, किंवा विंडोजमधल्या लिनक्समधून, डब्ल्यूएसएल २ मधून, विंडोजच्या ड्राइव्हवरचं फोल्डर उघडलं तर. लिनक्सवर मोठ्या प्रोजेक्टमध्ये लक्ष ठेवायच्या फाईलींची मर्यादाही संपते. बऱ्याच जुन्या सिस्टीमवर ती ८१९२ असते, ती वाढवावी लागते. उपाय: डब्ल्यूएसएलमध्ये काम करत असाल तर प्रोजेक्ट लिनक्सच्याच बाजूला ठेवा, आणि नेटवर्क ड्राइव्हवर थेट काम न करता प्रत्येकाने आपापल्या मशीनवर क्लोन (रिपॉझिटरीची पूर्ण प्रत) घ्या.

गुगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह यांसारख्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये गिटची रिपॉझिटरी असेल तर ती आजच बाहेर काढा. सिंक करणारं साधन गिटच्या आतल्या फाईलीही आपल्या वेळेने बदलतं, आणि त्यावर मात करील असं एडिटरचं कोणतंही सेटिंग नाही. बॅकअपसाठी रिमोटवर (सर्व्हरवरच्या प्रतीत) पुश करा.

पूर्ण फाईलच बदललेली दिसत असेल, प्रत्येक ओळ वजा आणि प्रत्येक ओळ अधिक, तर तो हा आजार नाही. विंडोज आणि लिनक्स ओळ संपल्याची खूण वेगवेगळी टाकतात, तो फरक आहे. स्पेसकडे दुर्लक्ष करून डिफ काढा. फरक नाहीसा झाला तर गिट-अॅट्रिब्यूट्सच्या फाईलमध्ये नियम घाला आणि हा लेख इथेच सोडा.

गेलेलं परत आणणं

जुना बफर सेव्ह झाला पण कमिट झाला नसेल तर काम सोपं आहे. आधी बघा की त्या फाईलमध्ये तुमचं स्वतःचं हवं असलेलं काही आहे का. नसेल तर 'गिट रिस्टोअर' ने फाईल परत आणा. ही आज्ञा २०१९ मध्ये २.२३ या आवृत्तीत आली. त्याहून जुनं गिट असेल तर 'चेकआउट' वापरा. लक्षात ठेवा, रिस्टोअर केल्यावर आधीचा मजकूर गिटकडे राहत नाही.

कमिट होऊन पुशही झाली असेल तर इतिहास पुसायच्या मागे लागू नका. खराब कमिटमध्ये त्या माणसाचं चांगलं कामही मिसळलेलं असतं. आम्ही त्या मुलाची कमिट तशीच ठेवली. फक्त हमालीची फाईल मुलीच्या कमिटमधून घेतली आणि नवी कमिट केली. संदेशात लिहिलं की एडिटरमधली जुनी प्रत सेव्ह झाल्याने दुरुस्ती गेली होती. कारण इतिहासात राहिलं, म्हणजे पुढे कोणी ती ओळ तपासली तरी नावाकडे बोट जाणार नाही.

मजकूर हरवला असेल तर शोधायच्या जागा अशा. व्हीएस कोडच्या टाइमलाइनमध्ये २०२२ पासून लोकल हिस्टरी आहे, प्रत्येक सेव्हची प्रत तिथे असते, मुळात एका फाईलच्या ५० पर्यंत. जेटब्रेन्सची लोकल हिस्टरी साधारण ५ कामाचे दिवस ठेवते. मात्र 'इनव्हॅलिडेट कॅशेस' करताना ती पुसायचा पर्याय निवडला तर तीही जाते, म्हणून शोध संपेपर्यंत ते करू नका. ईमॅक्समध्ये 'रिकव्हर-फाईल' द्या, विममध्ये स्वॅप फाईलवरून रिकव्हर करा.

गिटमध्ये आधी स्टॅशची यादी बघा. पॉप करताना संघर्ष झाला तर स्टॅश पुसला जात नाही, हे अनेकांना माहीत नसतं. मग रिफ्लॉग, म्हणजे ब्रँच कुठून कुठे हलली याची गिटची नोंद. त्यातल्या नोंदी मुळात ९० दिवस राहतात, आणि ज्या कमिटपर्यंत कोणतीच ब्रँच पोहोचत नाही त्यांच्या ३० दिवस. आणि फाईल एकदा जरी 'गिट अॅड' केली असेल, कमिट न करता, तरी तिचा मजकूर गिटकडे असतो. 'एफएससीके' ला 'लॉस्ट-फाउंड' पर्याय देऊन चालवा, अनाथ मजकूर वेगळ्या फोल्डरमध्ये मिळतो. साफसफाईत तो मुळात २ आठवड्यांनंतरच पुसला जातो. एका मुलाचा अख्खा रिपोर्ट मी असाच परत मिळवला. फाईलचं नाव मिळत नाही, मजकूर उघडून ओळखावा लागतो.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

पुढचं काही दिसलं तर घरचे उपाय बंद करा.

लाईट गेल्यानंतर गिट 'ऑब्जेक्ट फाईल रिकामी आहे' किंवा 'करप्ट' असं सांगू लागलं. इथे गिटची अंतर्गत माहिती असणारा माणूस लागतो. रिमोटवर सगळं पुश झालेलं असेल तर नवीन क्लोन घ्या आणि जुनं फोल्डर बाजूला ठेवा. पुश झालेलं नसेल तर 'गिट जीसी' किंवा 'प्रून' मुळीच चालवू नका, उरलेलंही जाईल.

डिस्क वाचताना चुका येतात, मशीन अडकतं, किंवा डिस्कमधून खटखट आवाज येतो. मशीन बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. चालू ठेवलेल्या प्रत्येक मिनिटाने नुकसान वाढतं. एसएसडीवरून पुसलेली फाईल परत मिळण्याची आशा तर आणखी कमी, म्हणून तिच्यावर नवं काही लिहू नका.

कोणी सामायिक ब्रँचवर फोर्स पुश केलं, म्हणजे सर्व्हरवरचा इतिहास जबरदस्तीने बदलला. आपणहून दुसरं फोर्स पुश करू नका. रिपॉझिटरी सांभाळणाऱ्याला फोन करा आणि सगळ्यांना पुल थांबवायला सांगा. ज्याच्या मशीनवर जुनी प्रत आहे त्याने ती तशीच ठेवावी, दुरुस्ती त्याच प्रतीवरून होणार आहे.

ऑटो-सेव्हमुळे पासवर्ड किंवा ग्राहकाची माहिती कमिट होऊन बाहेर गेली. तो पासवर्ड त्याच क्षणी बदला, मग सुरक्षेचं काम बघणाऱ्या माणसाला कळवा. इतिहासातून ओळ काढली तरी पासवर्ड बाहेर गेलेलाच असतो.

जाणकाराकडे जाताना सुरुवातीला काढलेली फोल्डरची कॉपी, शेलच्या इतिहासातल्या शेवटच्या आज्ञा, कोणता एडिटर कोणत्या आवृत्तीचा आणि त्यात ऑटो-सेव्ह काय ठेवलंय, आणि लाईट कधी गेली होती ती वेळ, एवढं सोबत न्या. त्या मुलाच्या वेळी यातलं एकही माझ्याकडे नव्हतं, म्हणून दोन दिवस लागले. आता हे सगळं हातात असलं की अर्ध्या तासात कारण सापडतं.